चंपाबाईंनी विहाराला दिलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. जिला तुम्ही हार्मोनियम म्हणता, ती. नुसत्या खोक्याला कोणी विचारत नाही, म्हणून आधीच सांगते. एके काळी माझ्या पोटात जर्मन सूर होते. सूर म्हणजे पितळेच्या बारीक पात्या. भात्याचा वारा त्यांना लागला की मी गायचे.

गिरगावातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. डिलाईल रोडच्या बुधाजींनी गिरणीच्या बोनसमधून मला घेतलं. दिवसभर साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलेला हा माणूस संध्याकाळी मांडी घालून माझ्यासमोर बसायचा. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला तर मला खांद्यावर घेऊन एका चाळीतून दुसऱ्या चाळीत नेत. लोक म्हणत, बुधाजीची पेटी शब्द बोलते. संपात घरातली भांडी विकली गेली, मला नाही विकलं.

मग बुधाजींना अर्धांगवायू झाला. डावा हात गेला. भाता डाव्या हातानेच मारतात, मित्रांनो. चार वर्षं माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता. पुढे त्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यांच्यासाठी लोखंडी खाट आली आणि मला जागाच उरली नाही. त्यांच्या नातीने, दीपिकाने, माझा फोटो काढून मोबाईलवर विकायला टाकला.

गिऱ्हाइकं आली ती एकेक नग. एकाने अर्ध्या किमतीत मागितलं आणि वर भंगार म्हणाला. एकाने चौकोनी कोड पाठवला, स्कॅन कर, पैसे येतील म्हणून. दीपिका हुशार, तिने ओळखलं की येणार नाहीत, जाणार आहेत. तिचं सगळं लक्ष पैशावर होतं. म्हणून जो पैशासाठी घासाघीस करत नव्हता, तोच तिच्या नजरेतून सुटला.

त्याने आधी 'जय भीम' लिहिलं. मग म्हणाला, कॉटन ग्रीनकडे आमच्या विहारात पोरांना गाणं शिकवायचंय, किती द्यायचे ते सांगा. बुधाजींची बायको चंपाबाई एवढ्यावरच विरघळल्या.

"विहाराकडून पैसे घेऊ का मी?"

"आजी, निदान पत्ता तरी विचार."

"दान देताना पत्ता विचारतात व्हय गं? आपण काय सावकार आहोत?"

बुधाजींनी उजव्या हाताने माझं निळं चक्र रंगवलेलं झाकण पुसलं. पोरं वाजवतील, म्हणाले, आणि मला जाऊ दिलं.

टेम्पो कुठल्याच विहारात गेला नाही. एका गाळ्यात गेला. तिथे तो माणूस दोस्ताला हसत सांगत होता, "फोटोत मागे बाबासाहेब दिसले. एक जय भीम टाकला, पेटी फुकट." त्याच दुपारी त्याने पकडीने माझे सूर उपसले. त्यांना भाव आहे म्हणे. उरलेलं खोकं 'हॉटेलात शोभेसाठी' म्हणून मोबाईलवर लावलं.

त्या जाहिरातीच्या फोटोत दीपिकाने झाकणावरचं निळं चक्र ओळखलं. मैत्रिणीच्या नावाने तिने स्वतःच्याच घरची पेटी विकत घेतली. पोलीस चौकीवर गेली, तर साहेबांनी एवढंच विचारलं, चोरली की तुम्ही दिली? दिली, म्हणाली, आणि तशीच परत आली. आजीला तिने सगळं सांगितलं, पण मला घरी न्यायचं तर बुधाजींना काय सांगायचं? शेवटी शेजारच्या रखमाबाई म्हणाल्या, "माझ्या माळ्यार ठेव गो. तेंका कळाक नको."

तेव्हापासून मी या माळ्यावर आहे. भिंत पातळ आहे, पलीकडचं सगळं ऐकू येतं. रोज संध्याकाळी बुधाजी विचारतात, पोरं शिकतात का? चंपाबाई म्हणतात, शिकतात. परवा ते म्हणाले, पौर्णिमेला मला विहारात ने, पोरांना एक चाल दाखवतो. आता त्यांच्या उजव्या हाताची बोटं खाटेच्या लोखंडावर टकटक करत असतात. ती चाल कोणती, ते मला कळतं. पण साथ कशाने देऊ?

मित्रांनो, जय भीम म्हणणाऱ्याला जय भीम जरूर म्हणा, पण पत्ता विचारा. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही. माझे सूर गेले, ते दुःख मी गिळलं. पण त्या हरामखोराने या घरातून आणखी काय नेलं, ते कुठल्याच चौकीत लिहून घेणार नाहीत. रोज सकाळी नवरा-बायको मिळून पंचशील म्हणतात. खोटं न बोलण्याचं शील आलं की चंपाबाईंचा आवाज बंद होतो.

तेवढी ओळ बुधाजी एकटेच म्हणतात.