अकरा नंबरच्या मागाचा टॉवेल

धोंडिरामनं वाळूत झोपलेल्या माणसाच्या पोटरीखालून टॉवेलचं टोक हळूच ओढलं, आणि नेमका तेव्हाच माणूस कुशीवर वळला. टोक हातातून निसटलं. माणसानं गॉगल कपाळावर चढवला.

"काय पाहिजे?"

"काय न्हाय. झोपा तुमी. नुस्ती कड बघत हुतो."

"कशाची कड?"

"टॉवेलची."

माणूस उठून बसला. आधी त्यानं खिसा चाचपला. चड्डीला खिसाच नव्हता, तरी चाचपला. "गाव कुठलं म्हणायचं आपलं?"

"सोलापूर."

"मी अकलूजचा, इंद्रजीतराव. म्हंजे माझ्याखालचा टॉवेल बघायला तुमी समुद्र वलांडून आला?"

"तुमच्या एकट्याचा न्हाय," धोंडिराम प्रामाणिकपणे म्हणाला. "समद्यांचाच बघायचाय."

इंद्रजीतरावांनी टॉवेल गुंडाळला आणि ते चार नारळाची झाडं पलीकडं जाऊन झोपले.

सकाळी सहलीची मोठी बोट ह्या बेटाशी थांबली होती. लेक बुद्धप्रिया पुण्यात बँकेत. आईबापाला एकदा समुद्र दाखवायचा म्हणून तिनंच हौसेनं आणलेलं, आणि समुद्रानं पहिला हिसका तिलाच दिला. ती बोटीवरच्या खोलीत बादली धरून पडली होती. "तुम्ही दोघं जाऊन या," एवढंच कसंबसं म्हणाली. धोंडिराम आणि मनकर्णा लहान होडीत बसून बेटावर आले. बेटावर करायचं काय, ते कुणी सांगितलं नव्हतं. बाकीची माणसं तर सरळ वाळूत आडवी झाली. उन्हात पडायला एवढ्या लांब यायचं कारण धोंडिरामला कळेना. सोलापुरात ऊन काय कमी होतं?

पण होडीत चढण्याआधी प्रत्येकाच्या हातात एकेक टॉवेल पडला होता. पांढरा, निळ्या पट्ट्याचा. तो हातात आला आणि धोंडिरामचा पाय पायरीवरच थांबला.

सव्वीस वर्षं तो टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभा होता. तीन वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला तोवर. माल हॉटेलांना जातो, बोटींवर जातो, असं मालक सांगायचा. जातो म्हणजे कुठं जातो, ते कुणी बघितलं नव्हतं. कामगारांच्या घरी यायचा तो नापास माल. कुठं भोक, कुठं पट्टा वाकडा. असल्याच टॉवेलांनी मनकर्णानं पोरगी पुसून मोठी केली, आणि दर वेळी म्हणाली, "चांगला बी इनता का न्हाय, कुणाला ठावं."

ते बोलणं धोंडिरामला इतकी वर्षं टोचत होतं. आज तिला एक तरी चांगला दाखवायचा होता.

ओळखायची खूण पक्की होती. त्याच्या अकरा नंबरच्या मागाच्या फणीची, जिच्यातून उभे धागे जातात तिची, एक काडी वाकलेली. त्यामुळं डाव्या काठापासून चार बोटांवर टॉवेलभर एक बारीक रेघ उमटायची. डोळ्याला दिसायची नाही, बोटालाच लागायची. माल तपासणाऱ्यालासुद्धा ती कधी कळली नव्हती. स्वतःच्या हातातल्या टॉवेलवर रेघ नव्हती. मनकर्णाच्याही नव्हती. म्हणजे राहिले किनाऱ्यावरच्या बाकीच्यांचे शंभर-सव्वाशे.

इंद्रजीतरावांनंतर त्यानं जास्त सभ्य मार्ग धरला. पाण्यातून बाहेर येणाऱ्यांपुढं जाऊन तो नुसता हात पुढं करून उभा राहू लागला. लोकांना वाटलं, टॉवेल गोळा करणारा माणूस आला. एकीनं ओला टॉवेल त्याच्या हातावर टाकला. दुसऱ्यानं खांद्यावर. तिसऱ्यानं टॉवेल दिला आणि वर दोन लिंबूसरबतं सांगितली. धोंडिराम खूश. प्रत्येक टॉवेलवर चार बोटं ठेवायचा, मान हलवायचा आणि पुढचा घ्यायचा. तासाभरात सतरा ओले टॉवेल अंगावर घेऊन तो उभा, आणि खालून पाणी गळतंय.

बोटीवरचा टोपीवाला धावत आला. "अंकल, इतने टॉवेल? किसके हैं?"

"मेरा है."

"सब?"

"सब नहीं. एक. वो सापडता नहीं."

"खो गया?"

"खोया नहीं. मैंने बनाया. बिका."

टोपीवाल्यानं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. मग मनकर्णाकडं वळला. "आंटी, इनकी तबीयत ठीक है?"

मनकर्णा नारळाला टेकून मघापासनं सगळं बघत होती. ती पदर खोचत उठली. "तबेत लई चांगली है. तुम जाव."

टोपीवाला सतरा टॉवेल उचलून गेला. दोन लिंबूसरबतं सांगणारा अजून धोंडिरामकडं बघत होता.

"काय चाललंय तुमचं?" मनकर्णानं विचारलं. धोंडिरामनं सांगितलं. फणी, काडी, रेघ. घरात हे तो कधी बोललाच नव्हता.

तिनं आपली बोटं पसरून बघितली. "चार बोटं कुणाची? तुमची का माझी?"

"माझी."

"मंग माझी पाच," म्हणत ती जवळच्या बाईकडं गेली. "बाई, जरा उठता का. आमच्या ह्यांचा माल हाय का बघायचाय." बाई मुकाट्यानं उठली. मनकर्णाच्या आवाजावर सगळेच उठत होते. अर्ध्या तासात तिनं अख्खा किनारा उठवला. इंद्रजीतराव तर लांबूनच टॉवेल हातात धरून उभे राहिले.

रेघ कुठंच नव्हती. बोटीचा भोंगा झाला.

"दुसऱ्या कुटल्या बोटीवर आसंल," धोंडिराम म्हणाला. मनकर्णा पदर सावरत होडीकडं निघाली. आज तिनं टोमणासुद्धा मारला नाही, आणि तेच धोंडिरामला जास्त लागलं.

बोटीच्या दारात रांग होती. आत चकचकीत फरशी, म्हणून उंबऱ्यावर एक जुना टॉवेल दुहेरी घालून टाकलेला. जो तो त्यावर पाय घासून आत जात होता. पट्ट्याचा निळा रंग कधीच उडाला होता.

धोंडिराम चपलेचा बंद बघायला वाकावं तसा वाकला. चार बोटं ठेवली. आणि तसाच वाकून राहिला.

"घावला?" मनकर्णानं हळूच विचारलं.

"व्हय."

मागची माणसं चुळबुळायला लागली. मनकर्णा त्याच्या शेजारी बसली, टॉवेलचा काठ चिमटीत धरून शेवटपर्यंत फिरवला, ओढून बघितला.

"येक धागा सुटला न्हाय की," ती म्हणाली.

"आंटी, पैर पोंछ लीजिए," टोपीवाला म्हणाला.

मनकर्णानं चपला हातात घेतल्या, लुगडं वर धरलं, आणि पाय उंच उचलून टॉवेल ओलांडला. मग वाळूनं भरलेले ओले पाय फरशीवर टेकवत ती शांतपणे लिफ्टकडं निघाली.