कोणाला काही? नाही? छान

त्या टीममध्ये मीटिंग संपवायची एक रीत होती. साहेब टेबलावर दोन्ही तळवे टेकवून विचारायचे, "कोणाला काही?" मग चांगलं मोठ्यानं मोजायचे. एक, दोन, तीन. तेवढ्यात कोणी ब्र काढला नाही की म्हणायचे, "छान." झाला निर्णय. शिवाय भिंतीवर साहेबांनीच चिकटवलेलं वाक्य होतं: 'अडचण आणू नका, उत्तर आणा.' म्हणजे ज्यानं चूक दाखवली त्याच्याच गळ्यात ती पडायची, तीही सुट्टीच्या दिवशी येऊन निस्तरायला. मग कोण शहाणा चूक दाखवेल? सगळे मूग गिळून बसायचे आणि या गप्प बसण्याला साहेब 'आमच्या टीमचा एकोपा' म्हणायचे. पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. त्यांचं नावच पडलं होतं छानसाहेब.

एकटी टेस्टर तेवढी बोलायची. चुका शोधण्याचाच पगार घेत होती, दुसरं करणार काय? पाठीमागे सगळे तिला 'कटकट' म्हणत. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर लागतही होतं.

टीम बनवत काय होती, तर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी लावायची एक पांढरी डबी. घरात माणूस हिंडला-फिरला की डबीला कळणार आणि लांब राहणाऱ्या मुलाच्या फोनवर हिरवा गोल उमटणार: 'आई मजेत', 'बाबा मजेत'. बराच वेळ हालचाल झाली नाही की गोल लाल. पण डबीच बंद पडली, तिचा निरोपच आला नाही, तर? तेव्हाही लालच दाखवायचं, असं आधी ठरलं होतं. मग एका मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "लाल बघून लोक घाबरतात. घाबरले की आपल्याला फोन करून भंडावतात. निरोप नाही म्हणजे तक्रार नाही, असं धरू. हिरवंच राहू दे. कोणाला काही?" एक, दोन, तीन. प्रोग्रामरनं चष्मा काढून पुसला. डिझाइनवाली हिरव्या रंगाची छटा न्याहाळत बसली. टेस्टर त्या दिवशी रजेवर होती, आणि नंतर तिला हे सांगायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. छान. टीम जशी होती तशीच तिची डबी झाली, गप्प बसली की सगळं ठीक.

टेस्टर रजेवर का होती तेही सांगायला हवं. तिचे बाबा न्हाणीघरात घसरले होते. शेजारीण किल्ली द्यायला आली म्हणून कळलं, नाहीतर ओल्या फरशीवर तसेच पडून राहिले असते. आई गेल्यापासून बाबा एकटे, आणि मुलीकडे यायला काही केल्या तयार नाहीत. "तुझ्याकडे येऊन जावईबापूंच्या क्रिकेटच्या गप्पा ऐकू का?" म्हणायचे. त्यांना आपला रेडिओ हवा, तोही अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा. म्हणून तिनं चाचणीतली एक डबी नेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात लावली. रोज सकाळी आधी हिरवा गोल बघायचा आणि मगच चहा घ्यायचा, अशी तिला सवयच लागली.

एका संध्याकाळी ती बाबांकडे गेली, तर डबी कपाटात, वायर नीट गुंडाळून ठेवलेली.

"बाबा, ही कधी काढलीत?"

"झाले की बरेच दिवस. रेडिओला प्लग नव्हता."

तिनं फोन उघडला. 'बाबा मजेत.' तिनं तो बाबांना दाखवला.

"मग आहेच की मी मजेत," असं म्हणून बाबांनी रेडिओचा आवाज वाढवला.

इतके दिवस ती कपाटातल्या एका बंद डबीच्या भरवशावर निर्धास्त चहा पीत होती.

दुसऱ्याच दिवशी शेवटची मीटिंग होती. सोमवारी डबी बाजारात जायची होती. टीममधल्या ज्यांनी ज्यांनी आपल्या घरी डबी लावली होती, ती सगळी घरं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसत होती. सगळ्यात वर साहेबांच्या आईचं घर. पडदा हिरवागार.

"कोणाला काही?" साहेबांनी विचारलं, आणि ते 'एक' म्हणायच्या आत टेस्टरनं पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली.

"ही माझ्या बाबांची. कालपासून माझ्या पर्समध्ये आहे. आता पडद्यावर बघा."

पडद्यावर 'बाबा मजेत'.

साहेबांच्या कपाळावर साधी आठीसुद्धा पडली नाही. "पण वडील मजेत आहेत ना?"

"आहेत."

"मग चुकलं कुठे?"

आणि टीम हसली. हसली हो. ज्यांच्या स्वतःच्या आया त्या पडद्यावर होत्या, तेही हसले. लाज कशी वाटत नाही असल्या लोकांना? टेस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिनं आवाज चढवला नाही.

"सर, तुमच्या आईंना फोन लावा. स्पीकरवर."

साहेबांनी हसत हसत लावला. फोन वाजत राहिला, वाजून वाजून बंद पडला. पडद्यावर 'आई मजेत'. त्यांनी पुन्हा लावला. आता हसू मावळलं होतं. पुन्हा तेच. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते पुन्हा लावणार, तेवढ्यात तिकडूनच फोन आला.

"काय रे, किती वेळा फोन? गच्चीवर कपडे वाळत घालत होते."

"आई, ती डबी चालू आहे ना?"

"ती होय? इस्त्रीला प्लग हवा होता, तेव्हाच काढली. का, लागत होती का तुला?"

साहेबांनी फोन ठेवला, घाम पुसला आणि, ऐका आता, म्हणाले, "बघितलंत? आई मजेतच आहे. म्हणजे हिरवं बरोबरच होतं. सोमवारी बाजारात. कोणाला काही?" एक, दोन, तीन. टेस्टरनं तोंड उघडेपर्यंत खुर्च्या सरकल्यासुद्धा. छान.

कोडगेपणालाही काही मर्यादा असते म्हणतात. इथे नव्हती. जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी टेस्टरला आणि प्रोग्रामरला जिन्यात गाठलं. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "एक छोटंसं काम आहे. निरोप नाही आला तर लाल, असं तेवढं माझ्या आईच्या घरापुरतं करून टाका. बाकीच्यांना आहे तेच असू दे."

टेस्टर बघतच राहिली. म्हणजे या माणसाला कळत होतं. पहिल्यापासून सगळं कळत होतं. लोकांच्या आईबापांना नुसता हिरवा रंग, आणि याच्या आईला तेवढी खरी डबी. तिला त्याची किळस आली.

"एका घरापुरतं होत नाही, सर," ती म्हणाली. "लाल करायचं तर सगळ्यांकडेच करावं लागेल."

साहेबांनी प्रोग्रामरकडे पाहिलं. आता एका घरापुरतं करणं म्हणजे कपातला चहा निवायच्या आत होणारं काम, आणि हे प्रोग्रामरला चांगलं ठाऊक होतं. पण गप्प बसायचं शिक्षण त्याला त्या टीममध्ये उत्तम मिळालं होतं. त्यानं चष्मा काढला आणि पुसायला लागला.

साहेबांची मोठी पंचाईत झाली. हो म्हणावं तर मीटिंगमधला शब्द फिरतो, नको म्हणावं तर आई तिकडे एकटी.

टेस्टरनं जिन्याच्या कठड्यावर दोन्ही तळवे टेकवले.

"कोणाला काही?" तिनं विचारलं आणि मोठ्यानं मोजलं. "एक. दोन. तीन."

साहेब आपल्या बुटांकडे बघत होते.

"छान," ती म्हणाली, आणि प्रोग्रामरला घेऊन कामाला लागली.