सासूबाईंचे बारा तुकडे

इस्पितळांतल्या औषधपंपांचा प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या ऑफिसात डोस काढणाऱ्या कोडला सगळे 'सासूबाई' म्हणत. उलटून बोलायचं नाही आणि हात तर अजिबात लावायचा नाही. 'असं असेल तर हे, नाहीतर ते' अशा कोडमध्ये किती वाटा फुटतात, ते मोजणारं एक साधन होतं. आकडा पंधराच्या वर गेला की लाल. सासूबाईंचा होता सत्त्याऐंशी.

धाकटीने, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यात नव्या मुलीने, सासूबाईंचे बारा तुकडे केले. बाराही हिरवे! साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली आणि बाईसाहेब आठवडाभर हवेत होत्या.

आज दुपारी ताईचा फोन आला. बाळ फार लवकर झालं होतं.

"एक किलो सहाशे भरलंय गं. पण काळजी नाही, तुमचाच पंप आहे इथे. आत्ता लावतायत."

"बरं झालं," असं म्हणून धाकटीने फोन ठेवला. पण एक किलो सहाशे हा आकडा तिच्या डोक्यातून जाईना.

तिने तुकडे उघडले. चौथा तुकडा वजन पूर्ण किलोत धरत होता. वजन दोन किलोंच्या आत आहे का, हे सातवा विचारत होता. सासूबाई हे सगळ्यात आधी विचारायच्या. धाकटीला ते उगीच मध्ये आल्यासारखं वाटलं, म्हणून तिने मागे ढकललं होतं. आता एक किलो सहाशेचे चौथ्यात दोन होत आणि सातवा म्हणे, हे काही लहान बाळ नाही, मोठ्या बाळाचा डोस द्या. प्रोग्राम तपासायला घेतलेली सगळी बाळं तीन किलोंची होती, म्हणून हे कुणाला दिसलंच नव्हतं.

तिने लगेच ताईला फोन लावला.

"ताई, पंप लावू देऊ नकोस! डोस हाताने काढायला सांग!"

"अगं, पण तूच केलायस ना तो?"

"म्हणूनच सांगतेय!"

पलीकडे धावपळ ऐकू आली. मग ताई रडतच म्हणाली, "थांबवलं. सुरूच व्हायचा होता."

शेजारी येऊन उभे राहिलेले साहेब पडद्याकडे बघत म्हणाले, "झालं काय? सगळं तर हिरवं दिसतंय."

"माझं चुकलंय, साहेब. हा प्रोग्राम कुठे कुठे गेलाय?"

"सोमवारपासून एकेचाळीस इस्पितळांत."

आज गुरुवार होता. धाकटीने यादी मागितली आणि पहिला नंबर फिरवला.