ठिणगीची वेळ आणि ऑर्विनचा कान

माझा निळा रंग आता पोपडे धरून निघतो आणि डावे दार तारेने बांधलेले असते. तरी मला अजून भंगारात काढलेले नाही, मित्रांनो. मी नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांमधला एक म्हातारा पिकअप ट्रक आहे. माझ्या हातून एक काम अर्धवट राहिले. त्याची गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे.

सहासष्ट साली मी कारखान्यातून बाहेर पडलो. ऑर्विन सेडलाचेक नावाच्या गुरे पाळणाऱ्या माणसाने मला घरी आणले आणि पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या पाठीवर पाण्याची टाकी नि पंप बसवला. आमच्याकडे पावसाशिवाय वीज पडते आणि वाळलेले गवत पेट घेते. बंबाची मोठी गाडी चाळीस मैलांवर. ती येईपर्यंत राखच उरायची. म्हणून धूर दिसला की टाकीवाल्या गाडीच्या धन्याने हातातला घास टाकून निघायचे, असा तिथला शिरस्ता होता. आम्ही दोघांनी मिळून कितीतरी आगी विझवल्या. त्याचा मला गर्व होता, खोटे कशाला सांगू?

माझ्या इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर येतो, तेव्हा तो टोकाला पोहोचण्याच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते. उशिरा पडली तर मी रडतखडत चालतो आणि तापतो. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यालाच मार बसतो आणि इंजिन खडखडू लागते. ही वेळ जुळवायला लोक एक लुकलुकणारा दिवा वापरत. ऑर्विनने तो कधी हातात धरला नाही. दर वसंतात तो आगपेटीच्या पुठ्ठ्याने ठिणगीच्या टोकांमधली फट मापायचा, ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल करून, ठिणगी लवकर पडावी म्हणून तो जरासा पुढे फिरवायचा आणि मला चर्चमागच्या चढावर न्यायचा. तिथे ॲक्सिलरेटरवर पाय दाबून कान द्यायचा. "खडखडेपर्यंत पुढे, मग केसभर मागे," हा त्याचा मंत्र. आजूबाजूचे लोक आपापल्या गाड्या त्याच्याकडे आणत. ऑर्विनचा कान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पण उभा जन्म उघड्या, धडधडणाऱ्या ट्रॅक्टरवर गेलेला. सत्तरीला टेकता टेकता आधी त्याला पाखरे ऐकू येईनाशी झाली. पाखरांकडे कोण लक्ष देतो? मग बारीक आवाज एकेक करून गेले, आणि माझी खडखडही त्यांतच गेली.

त्या वसंतात चढावर मी खडखडलो. ऑर्विनने ऐकले नाही. खाली उतरून त्याने डिस्ट्रिब्यूटर आणखी पुढे फिरवला. मी पुन्हा खडखडलो. तो म्हणाला, "अजून थोडं घेतोय हा," आणि पुन्हा फिरवला. शेजारी त्याची बायको लेनोरा बसली होती. तिने ऐकले, मला ठाऊक आहे. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिले आणि मग खिडकीबाहेर पाहत राहिली.

शेजारचा मर्ल ड्वोराक कॉफी प्यायला आला तेव्हा मात्र बोलला. "काय रे, बॉनेटखाली डब्यात गोट्या भरून ठेवल्यास का? माझा दिवा घेऊन जा, लावून बघ एकदा."

"दिवा आंधळ्यांना लागतो," ऑर्विन म्हणाला. "तू आपला कोलाचे खा."

मर्ल हसला आणि कोलाचे, तो जॅम भरलेला गोड पाव, खाऊ लागला. विषय तिथेच संपला.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मर्लच्या बाजूला धूर दिसला. त्याच्या गुरांचे हिवाळ्याचे सगळे गवत तिकडेच रचलेले होते. टाकी काठोकाठ भरून, लेनोरालाही घेऊन आम्ही निघालो. मधे लांब चढ. ऑर्विनने पाय पूर्ण दाबला आणि मी आक्रोश करू लागलो.

"ऑर्विन, जरा हळू घे," लेनोरा म्हणाली.

"आग हळू येते का?"

चढ अर्धा राहिला असताना माझ्या पोटात काहीतरी फुटले. धुराचा लोट निघाला आणि मी थांबलो. पाणी टाकीत, नळी लेनोराच्या हातात, आणि समोर मर्लच्या गंजी एकामागून एक पेटत गेल्या. माणसे, गुरे वाचली. गवताची काडी वाचली नाही. तो चढ मला अजून सलतो.

ऑर्विनने मला उघडले तेव्हा तिसऱ्या दट्ट्याला अंगठा जाईल एवढे भोक होते. तो बराच वेळ ते पाहत बसला. भोक कशाने पडते हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"तू ऐकलं होतंस?" त्याने विचारले.

"एप्रिलपासून," लेनोरा म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"सगळा गाव तुझ्या कानाचं नाव घेतो. तो गेलाय, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?"

दुसऱ्या दिवसापासून ऑर्विनने आपले निम्मे गवत ट्रॅक्टरने मर्लच्या गुरांच्या वाड्यात नेऊन टाकायला घेतले. "तुझं गवत माझ्या कानानं जाळलं," तो म्हणाला.

मर्ल त्याच्यासोबत गवत उतरवू लागला. मग म्हणाला, "कान तुझे गेले होते. आमची जीभ कुठं गेली होती?"

नवा दट्ट्या बसला. पुढच्या वसंतात आम्ही पुन्हा चर्चमागच्या चढावर गेलो. ऑर्विनने पाय दाबला, पण या वेळी तो वरच्या गिअरमध्ये, रस्त्याच्या कडेकडेने सावकाश जात होता आणि त्याची नजर लेनोराच्या हाताकडे होती. मी बारीकसा खडखडलो. तिने लगेच बोट वर केले. ऑर्विनने गाडी थांबवली, खाली उतरला आणि डिस्ट्रिब्यूटर केसभर मागे घेतला. परत येऊन बसला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. पुन्हा चढलो. बोट खालीच राहिले.

मित्रांनो, यंत्रे निगुतीने वापरा, त्यांची कुरकुर ऐका. आणि तुमच्या माणसाला जे ऐकू येत नाही ते तुम्हाला ऐकू आले, तर मान राखायच्या नावाखाली गप्प बसू नका. मी त्या साऱ्या उन्हाळ्यात ओरडत होतो, पण माझ्याकडे शब्द नव्हते. तुमच्याकडे आहेत.