सातवं प्रकरण

तिनं कॉम्प्युटरचं बटण तिसऱ्यांदा दाबलं आणि पाचपर्यंत मोजून सोडलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, आतून टक्-टक् असा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला.

"गेला?" मागे उभ्या असलेल्या नवऱ्यानं, डॉक्टरांनी, विचारलं.

"आवाज तर करतोय."

"मरायला टेकलेलं जनावरही करतं."

डॉक्टर जनावरांचे होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या, म्हणजे ते सांगायचे आणि बायको टाइप करायची. ती कोर्टात टंकलेखक होती. साक्षीदार बोलेल ते एक शब्दही इकडचा तिकडे न करता उतरवण्यात तिची नोकरी सरली होती. दीड वर्षात अकरा प्रकरणं झाली होती आणि ती सगळी त्या टक्-टक् करणाऱ्या डब्यात होती.

दुपारी कॉम्प्युटरवाली आली. खोक्याचं झाकण काढून तिनं आतली धूळ फुंकली, डिस्क कानाशी धरली आणि तोंड वाकडं केलं.

"बॅकअप कुठं आहे, काका?"

"आहे ना. एक डेस्कटॉपवर, एक डी ड्राइव्हमध्ये. दोन ठिकाणी ठेवलाय."

"काका, ते एकाच कपाटाचे दोन कप्पे. कपाट जळालं की दोन्ही जळणार." तिनं डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघून आवाज खाली आणला. "आणि क्लाउडवर? ते विचारतं की आपणहून."

"रोज विचारायचं," डॉक्टर म्हणाले. "मी 'नंतर आठवण करा'वर टिचकी मारायचो."

"किती दिवस?"

"दोनेक वर्षं."

कॉम्प्युटरवाली हसली नाही. जुनी डिस्क तिनं लॅबमध्ये पाठवायला पिशवीत घातली, फार आशा धरू नका म्हणाली आणि खोक्यात नवी बसवली. त्या कोऱ्या डिस्कनं पुढचे दोन दिवस खाल्ले. प्रत्येक प्रोग्रामला पासवर्ड हवा होता. एकाचा परवाना संपला होता, आणि मराठी टाइप केलं की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटत होते. डॉक्टर शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र उलटसुलट करत बसले. जेवताना त्यांनी एकदाच तोंड उघडलं, तेही मीठ मागायला.

तिसऱ्या दिवशी चौकोनांची अक्षरं झाली. डॉक्टर आले आणि खुर्ची ओढून बसले.

"पहिल्यापासून घ्यायचं ना?" बायकोनं विचारलं.

"सातव्यापासून."

तिचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. सातवं प्रकरण धाकट्या दिराच्या गोठ्याचं होतं. गाईंच्या घशाला सूज आणणारी साथ सतरा वर्षांपूर्वी त्या गोठ्यात शिरली होती. पहिल्या काही तासांत इंजेक्शन मिळालं तर जनावर वाचतं, नाही तर रात्र काढत नाही. मागच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं: 'निरोप संध्याकाळी मिळाला. धाकट्यानं वेळेवर कळवलं असतं, तर नऊ गाई वाचल्या असत्या.' तिनं ते जसंच्या तसं टाइप केलं होतं. मग उठून स्वयंपाकघरात गेली होती आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली होती. दिराचा फोन घरी तिनंच घेतला होता. तेव्हा सकाळचे सव्वानऊ झाले होते.

"फोन सकाळी आला होता," डॉक्टर म्हणाले.

ती टाइप करत राहिली.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"बायकोनं लगेच चिठ्ठी देऊन प्रदर्शनाच्या मैदानावर माणूस धाडला. तिथं मी घोड्यांचा परीक्षक होतो. चार वाजता माझा सत्कार होता." खिडकीबाहेर कोणीतरी चटई झटकत होतं. "मी सत्कार घेऊन निघालो. पोचलो तेव्हा चार गाई पडल्या होत्या. उजाडेपर्यंत नऊ झाल्या. सगळ्यांसमोर मी धाकट्याला म्हणालो, की तुझ्या हलगर्जीपणानं गेल्या. तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं."

"हे शेवटचं वाक्य ठेवू?"

"नको," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "ठेव."

आठ पानं झाली तेव्हा दुपार टळली होती. तिनं फाईल आधी पेन ड्राइव्हवर घेतली, मग क्लाउडवर, मग स्वतःच्या फोनवर.

"मागच्या वेळी तुम्ही..." तिनं सुरुवात केली.

"मागच्या वेळी पाठ होतं ते म्हटलं. इतक्यांना सांगितलं होतं, की तोंड उघडलं की तेच यायचं." डॉक्टर चष्मा पुसत होते, पण तो केव्हाच स्वच्छ झाला होता. "परवा सगळं गेल्यावर मुळापासून आठवायला बसलो. तर आधी तुझा निरोप आठवला. चिठ्ठीवर तू वेळ घातली होतीस."

अकराव्या दिवशी कॉम्प्युटरवाली हसतच आली. लॅबनं सगळं परत मिळवलं होतं. तिनं फाईल उतरवायला घेतली, तशी पडद्यावर एक चौकट उघडली: या नावाची फाईल इथं आधीच आहे. बदलायची का?

"जुनीत अकरा प्रकरणं आहेत, काका. नवीत आठच पानं. जुनीच ठेवते."

"जुनी ठेवा. सातवं तेवढं नवं."

"आणि जुनं सातवं?"

"पुसून टाका."

"राहू दे की. आता जागा भरपूर आहे."

"जागेसाठी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले.

तिनं पुसलं. मग डॉक्टरांना तेवढीच आठ पानं कागदावर हवी होती. निळी शाई संपली म्हणून प्रिंटर काळीही छापेना. मजकुरात निळं अक्षर औषधालाही नव्हतं. कॉम्प्युटरवालीनं त्याला कसंबसं फसवलं आणि पानं एकेक करून बाहेर आली.

ती गेल्यावर डॉक्टरांनी कागद नीट जुळवले, लिफाफ्यात घातले आणि वर धाकट्याचं नाव लिहिलं. खाली पत्त्याची पहिली ओळ सुरू केली.

"तो नाही," बायको म्हणाली. "घर बदललंय भाऊजींनी."

पेन थांबला. "कधी?"

"तीन वर्षं होतील."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग लिफाफा तिच्यासमोर सरकवला आणि पेन पुढं केला. तिनं त्यांची ओळ खोडली आणि कुठंही न बघता, घराच्या नंबरासकट, पूर्ण पत्ता लिहिला.