पेटीतला लाकडी बाबा

मित्रांनो, शेवटी मी आई झालो.

पण ते जाऊ द्या. तसं काही झालंच नाही असं समजा आणि पहिल्यापासून ऐका.

मी एक जुना लाकडी बाबा आहे. उंची तुमच्या तळहाताएवढी. मला रंगवणारा कारागीर माझी मिशी काढत होता आणि नेमकी तेव्हाच त्याला शिंक आली. त्यामुळे मिशीचं डावं टोक गालावरून थेट कानापर्यंत गेलं आहे. त्याने मला उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, "चालतंय. बाबाच आहे, कोण बघतंय?" बाबा लोकांविषयी जगाचं काय मत आहे, हे मला असं जन्मतःच समजलं.

पेटीत आम्ही सात जण होतो. आई, मी, आजी, आजोबा, मुलगा, मुलगी आणि बाळ. झाकणावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: संपूर्ण कुटुंब. आत स्पंजमध्ये प्रत्येकाच्या मापाचा खड्डा कापलेला होता. आजोबांचा खड्डा जरा आखूड झाला होता. झाकण लावलं की त्यांचे पाय दाबले जायचे आणि ते कण्हायचे. लाकूड कण्हत नाही असं लोक म्हणतात. लोकांनी आमचे आजोबा पाहिलेले नाहीत.

आम्हाला वाटलं होतं, खेळण्यांच्या दुकानात जाऊ. गेलो मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा म्हटल्यावर मी धूर, काचेच्या नळ्या आणि निदान एखाद्या स्फोटाची तयारी ठेवली होती. तिथे होती एक सतरंजी, बुटकं टेबल, बुटक्या खुर्च्या आणि भिंतीत एक भला मोठा आरसा. त्या आरशाच्या पलीकडून आमची खोली दिसायची. अलीकडून मात्र ज्याला त्याला आपलंच तोंड. मी तिथे वर्षानुवर्षं माझी मिशी पाहिली.

मुलं कशी वाढतात, त्यांना कोण कसं वाढवतं आणि घर कशाला म्हणायचं, याचा तिथे अभ्यास चालायचा. तो करायच्या मोठ्या बाई. बुटांच्या आवाजाने मुलं बिचकतात म्हणून त्या बूट दाराशी काढून मोज्यांवर वावरायच्या. त्यातला एक मोजा नेहमी दुसऱ्याच जोडीतला असायचा. त्यांच्या हाताखाली एक मुलगी शिकत होती. तिच्या हातात कायम पट्टी असायची, म्हणून पेटीत आम्ही तिला पट्टीवाली म्हणायचो.

कामाची पद्धत अशी. टेबलावर एक लाकडी घर, पुढून उघडं, मागून बंद. मूल आलं की बाई आमची पेटी उघडून म्हणायच्या, "हे तुझं घर आहे असं समज. घरात कोण कोण असतं, दाखव बरं." एवढं बोलून गप्प. मूल खेळत असताना मोठ्यांनी आम्हाला हात लावायचा नाही. 'का' असं विचारायचं नाही. फक्त 'हं' म्हणायचं, फार तर 'अजून?'. मूल थांबलं की पट्टीवाली यायची आणि कोण कोणापासून किती लांब उभं आहे ते मोजायची. जवळ ठेवलेलं माणूस जवळचं. लांब ठेवलेलं लांबचं.

झाकणावरचं 'संपूर्ण कुटुंब' पहिल्याच महिन्यात उघडं पडलं. एका मुलाच्या घरी दोन आज्या आणि तो, बास. पेटीत आजी एकच, म्हणून त्याने मला रुमाल गुंडाळून दुसरी आजी केलं आणि आम्हा दोघींना गादी उन्हात घालण्यावरून भांडायला लावलं. मी हरलो. एका मुलीला दोन बाबा होते. पेटीत बाबा मी एकटा. ती मला भांडी घासायला लावायची, उचलून इस्त्रीला न्यायची आणि पुन्हा भांड्यांपाशी आणायची. इतका कामसू बाबा त्या टेबलावर पुन्हा झाला नाही. एकाच्या घरी इतकी माणसं की आम्ही सगळे पुरेना. मग खोडरबर काका झाला, पेन्सिल काकू झाली आणि बाईंचा एक मोजा आतेभाऊ झाला. एका मुलीची आई नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायची. तिने आईला टेबलाच्या टोकाला उभं केलं आणि तिच्या कानाला बाळ लावलं. फोन म्हणून. बाळ अजून ते विसरलेलं नाही.

एकदा मी कुत्रा होतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आयुष्यातलं सगळ्यात जास्त कौतुक माझ्या वाट्याला त्याच दिवशी आलं.

बाई पट्टीवालीला म्हणायच्या, "घरात कोण कोण आहे यावर लोक तावातावाने भांडतात बघ. जे आहेत ते एकमेकांशी वागतात कसे, हे विचारायचं राहूनच जातं."

मग एके दिवशी गोटी आली.

गोटी पाच वर्षांची. खरं नाव कागदावर असेल, पण तिचा मामा तिला गोटी म्हणायचा आणि ती तेवढ्यालाच ओ द्यायची. मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. नखांत ग्रीस, खिशात पाना. गोटीची आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण, आजारात गेली होती. बाबा त्याआधीच निघून गेलेले. गोटी रांगत होती तेव्हापासून घरात ती आणि मामा, दोघंच.

मामाला एक मोठी बहीणही होती. गोटीची मावशी. तिचं म्हणणं होतं की गोटीला तिच्या घरी पाठवावं. तिथे मावशी, काका, दोन भाऊ, स्वतंत्र पलंग. मावशीच्या मनात काही वाईट नव्हतं. मामालाही ते माहीत होतं, म्हणून तर त्याला झोप लागत नव्हती.

तो बाईंना म्हणाला, "मला एवढंच सांगा, ती माझ्याकडे ठीक आहे ना? नसेल तर मी तिला बहिणीकडे पाठवतो."

"आम्ही एकेका घराचा निकाल देत नाही हो," बाई म्हणाल्या. "पुष्कळ घरं मिळून काय दिसतं तेवढं सांगतो."

"म्हणजे सरासरी."

"हो."

"मग सरासरी मामा कसा असतो?"

"आमच्याकडे मामा म्हणून आलेले तुम्ही पहिलेच. सध्या सरासरीसुद्धा तुम्हीच."

यावर मामाचं समाधान झालं नाही. सरासरी माणसाचं कधीच होत नाही.

त्याला बाहेर प्रश्नावली भरायला बसवलं आणि गोटी आमच्यासमोर आली. तिने पेटीत डोकावून एकेकाला पाहिलं. मला उचललं. मिशीवरून बोट फिरवत कानापर्यंत गेली आणि म्हणाली, "हा मामा." मला घराच्या पुढच्या दारात उभं केलं. मग मुलगी उचलली आणि तिला पार दुसऱ्या टोकाला, न्हाणीघराच्या दारामागे, भिंतीला चिकटवून ठेवलं. ते छोटं दार ओढून घेतलं. बाकीच्यांना पेटीत टाकून झाकण लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"हं," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने, "अजून?"

गोटीने मान हलवली. ती माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे. बऱ्याच वेळाने ती माझ्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "मामा, चल ना."

मित्रांनो, मी सागाचा आहे. मी हललो नाही. बाईंना हात लावायची मुभा नव्हती. गोटीने आणखी वाट पाहिली, मग तिचा खालचा ओठ बाहेर आला आणि तिने आरशाकडे तोंड फिरवलं.

पट्टीवालीची पट्टी पुरेना. तिने टेप आणली. "बाई," ती दबक्या आवाजात म्हणाली, "एकाच घरात राहणाऱ्या माणसांमधलं आत्तापर्यंतचं सगळ्यात जास्त अंतर आहे हे."

मामा दारात उभा होता, भरलेली प्रश्नावली घेऊन. त्याला घराची फक्त मागची भिंत दिसत होती. वाक्य मात्र पूर्ण ऐकू आलं.

गोटी बूट घालत असताना त्याने तिथूनच फोन लावला. "ताई, मी बोलतोय. तू म्हणत होतीस तेच बरोबर असेल. पुढच्या आठवड्यात इथे अजून एकदा यायचंय. तूही ये आणि तिथूनच घेऊन जा तिला." पलीकडून ताईने काहीतरी विचारलं. "नाही गं, रडत नाहीये. ग्रीस गेलंय डोळ्यात."

त्या खोलीत लिफ्ट नव्हती.

पेटीत त्या आठवड्यात कुणी कुणाशी धड बोललं नाही. आजी तेवढी म्हणाली, "पोरगी लपली होती रे. निघून जाणारा माणूस दार ओढून घेऊन त्याच्यामागे बसतो का? लपणारा बसतो." आम्हाला सगळ्यांना ते पटलं. पण सांगणार कुणाला? आमचं बोलणं ऐकू येत नाही, हा या व्यवसायातला मोठा दोष आहे.

दुसऱ्या खेपेला मोठ्यांनी मुलांबरोबर खेळायचं असायचं. घरी खेळतात तसं, हात लावून. बाई आणि पट्टीवाली आरशामागे गेल्या. मावशी कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसली, गुडघे हनुवटीशी, मांडीवर पिशवी. पिशवीत गोटीसाठी नवा फ्रॉक होता. मामा सतरंजीवर बसला. आज शेवटचं खेळायचं म्हणून तो इतका ताठ बसला होता की आमच्या सात जणांत सहज खपला असता.

गोटीने मला पुढच्या दारात ठेवलं. मुलीला न्हाणीघराच्या दारामागे. दार ओढलं. हात मांडीवर घेऊन बसली.

मामा पहिल्यांदाच ते घर पुढून पाहत होता. त्याने मला पाहिलं. ते ओढलेलं दार पाहिलं. मग गोटीकडे. तिचे डोळे चमकत होते आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

"गोटे," तो सावकाश म्हणाला, "मी कामावरून आलोय का?"

"हो."

"पाना खुंटीला लावला?"

"लावला."

"मग गोटी कुठंय?"

"मला काय माहीत," गोटी म्हणाली.

मामाने मला उचललं. मित्रांनो, त्या बोटांना ग्रीसचा वास होता. आवाज अगदी नेहमीचा. "पातेल्यात आहे का? नाही. पलंगाखाली? नाही. फ्रीजमध्ये?"

"फ्रीजमध्ये कशी मावेल ती."

"परवा मावली होतीस की."

"ते कपाट होतं."

त्याने पेटीचं झाकण उघडलं. "आजोबा, आमची गोटी पाहिलीत?"

"नाही," गोटी जाड आवाजात म्हणाली. "माझे पाय दुखतायत."

आजोबांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी समजून घेतलं होतं. पण मामा तिथे थांबला नाही. तो मला सतरंजीवरून चालवत चालवत कोपऱ्यापर्यंत घेऊन गेला आणि मावशीच्या चपलेसमोर उभं केलं.

"मावशी," त्याने विचारलं, "आमची गोटी तुमच्याकडे आलीये का?"

मी खालून वर मावशीकडे पाहत होतो. तिने पिशवीचे बंद एकदा बोटांना गुंडाळले, एकदा सोडले. आपल्या धाकट्या भावाकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीमागे श्वास रोखून बसलेल्या मुलीकडे. मग खुर्चीतून वाकली आणि माझ्याशी बोलली.

"नाही बाबा. माझ्याकडे नाही आली. तुमच्याच घरी असेल. नीट बघ, दाराआड वगैरे."

"अगं सांगितलंस कशाला," गोटी वैतागून म्हणाली.

मामाने मला परत नेलं. वाटेत पुन्हा एकदा पातेल्यात पाहिलं, कारण घरीही तसंच असणार. मग ते छोटं दार उघडलं. गोटी ओरडली, "भॉक," आणि लाकडी मुलगी माझ्या पोटावर आपटली. आम्हा दोघांचाही रंग थोडा उडाला. तो नंतर कुणी लावला नाही आणि आम्हीही मागितला नाही.

बाई मोज्यांवर आत आल्या. शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा, तो त्यांनी विचारला. "गोटी, या घरात आई कुठे असते?"

मामाने मान खाली घातली.

"एक आई फोटोत असते," गोटी म्हणाली. मग तिने मला उचललं. "आणि सकाळी वेणी घालताना हा आई असतो. वाकडी घालतो. मग मामा होतो आणि कामावर जातो."

असं ते झालं, मित्रांनो. मी काही केलं नाही.

पट्टीवालीने माझ्या आणि मुलीच्या मधलं अंतर मोजलं. शून्य. तिने पुन्हा मोजलं, कारण शून्याची तिला सवय नव्हती. बाई तिला म्हणाल्या, "मागच्या वेळचं मोजमाप खोडू नकोस. बाजूला लिही, मूल लपलं होतं. आणि मला विचारता आलं नाही, हेही लिही. नियम मीच केला होता." पुढे त्यांनी तो बदलला. मुलांना 'का' विचारायची परवानगी मिळाली. मुलं बहुतेक वेळा 'असंच' म्हणायची, पण विचारलेलं त्यांना आवडायचं.

निघताना मावशीने पिशवी मामाच्या हातात दिली. "फ्रॉक आहे. आणि रविवारी येते मी. वेणी शिकवायला."

"गोटीला?"

"तुला, गाढवा."

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. मुलं एका पडद्यावर बोट फिरवून कुटुंब मांडतात. त्या पडद्यातल्या बाबाला बोट लावलं की तो आपला आपण चालतो. आम्ही कपाटाच्या तळाच्या फळीवर आहोत, आमच्यावर जुन्या प्रिंटरचं खोकं आहे, आणि धूळ आम्हाला नियमितपणे भेटते. जुन्या खेळण्यांना जपा, असं या ठिकाणी मी म्हणायला हवं. जपा. पण त्याहून महत्त्वाचं सांगतो. तुमच्या घरात एक माणूस असो की चौदा, कुणी दाराआड लपलं आणि आतून खुसखुस ऐकू आली, तर हातातलं काम ठेवून शोधायला जा. लगेच शोधून काढू नका. आणि तुम्ही लपला असाल आणि कुणी येत नसेल, तर बाहेर येऊन सांगा की मी लपलोय. मोठ्या माणसांना पुष्कळदा ते कळत नाही. ती मोजत बसतात.

माझ्यापुरतं म्हणाल, तर एक अर्ज मी मनातल्या मनात लिहून ठेवला आहे.

माननीय विभागप्रमुख यांस, सविनय सादर, की निम्नस्वाक्षरीकार हा आपल्या विभागाच्या कपाटातील तळफळीवर कार्यरत असून, यापुढे कोणतेही मूल लपून वाट पाहत असल्यास त्या प्रसंगापुरता, अन्य कामकाजात व्यत्यय न आणता, लाकडी पालकांना स्वतःच्या पायांनी उठून त्याला शोधायला जाण्याची मंजुरी देण्यात यावी, ही नम्र विनंती.