छकुलीचे नवे पत्ते

वहिनी खेळण्यांच्या कारखान्यात बाहुल्यांचे डोळे रंगवायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका सकाळी तो कामावरच छातीत कळ येऊन गेला. कारखान्यात फोन आला, तेव्हा वहिनीच्या हातात एक बाहुली होती. उजवा डोळा झाला होता. तिने डावा काढला, ब्रश धुतला आणि मग पर्स उचलून निघाली. ही गोष्ट षट्कर्णी झाली. "बाई आहे की दगड?" लोक म्हणाले. तिच्या कानावर आलं, पण त्याचंही तिला काही वाटलं नाही.

नणंदेला घरात सगळे छकुली म्हणत. पन्नाशीला टेकली तरी नाव सुटलं नव्हतं. ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत पडदा लावून ती पत्त्यांवरून भविष्य सांगायची. पत्ते इतके जुने झाले होते, की दुमडलेल्या कोपऱ्यावरून कुठलं पान येणार हे गिऱ्हाइकालाच आधी कळायचं.

"वहिनी, मला नवे पत्ते रंगवून दे," एका रविवारी ती येऊन म्हणाली. "परीकथांचे. या पत्त्यांवरच्या तलवारी नि पेले लोकांना कळत नाहीत, आणि खरं सांगू, मलाही कळत नाहीत. चेटकीण म्हटलं की कसं, सगळ्यांना कळतं."

"मी नुसते डोळे काढते गं. बाकीचं मशीन करतं."

"मग डोळ्यांपासून सुरू कर. आणि राजा दादासारखा काढ. एवढं माझ्यासाठी."

वहिनीला नाही म्हणायचाही कंटाळा आला.

तिने जाड पुठ्ठ्याची पानं कापली, कोपरे गोल केले. दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाचा हात दिला. एकाच बाजूला दिला तर पुठ्ठा होडीसारखा वाकतो. ॲक्रिलिक सुकलं की गडद होतं, म्हणून रंग जरा फिकेच कालवले. रोज कामावरून आली की जेवणाच्या टेबलावर बसायची. नावडती राणी गोठ्याच्या दारात उभी राहिली. राक्षसाचा जीव पोपट होऊन पिंजऱ्यात बसला. विहीर झाली, बोलणारा घोडा झाला, जंगलात हरवलेली वाट झाली. चेटकिणीचे डोळे तर असे उतरले, की टेबलाच्या कुठल्याही बाजूला बसा, ती तुमच्याकडेच बघणार. काम छान होतंय हे तिला कळत होतं. नुसतं कळत होतं.

राजा शेवटी उरला. नवऱ्याचा चेहरा आठवायला गेली, तर मानेवरचा तीळ तेवढा आठवे. मग कामाच्या ओळखपत्रावरचा फोटो समोर ठेवून तिने तो काढला. हुबेहूब आला. ब्रश धुऊन ती भांडी घासायला गेली.

छकुलीने मात्र पान बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "दादाच गं!"

"ठेव ते इथे. आठवडाभर सुकू दे, मग वॉर्निश लावते."

"सुकलंय की! बघ, हाताला लागत नाही." तिने सगळी पानं गोळा केली, रबर लावलं आणि पर्समध्ये कोंबली. तिच्यापुढे बोलून उपयोग नसे.

दुसऱ्या दिवशी ती परत आली ती विटेसारखा गठ्ठा घेऊन. पर्स उन्हात राहिली होती; वरून सुकलेला रंग आतून मऊच होता आणि पानाला पान चिकटलं होतं. वहिनी पातळ सुरी घालून एकेक सोडवू लागली. राजा चेटकिणीच्या पाठीला चिकटला होता. हळूच ओढला, तरी चेहरा तिकडेच राहिला. हातात आला तो नुसता मुकुट आणि खाली पांढरा पुठ्ठा.

छकुलीने हंबरडा फोडला. दादा गेला त्या दिवशी ती आल्यागेल्याला चहा देत होती, तेव्हाचं सगळं आत्ता बाहेर पडलं. वहिनी सुरी हातात घेऊन बघत राहिली.

"तुला काहीच कसं वाटत नाही गं?"

"खोटं कशाला सांगू? भूक लागते, झोप लागते. बाकी काही नाही." सुरी पुसत ती म्हणाली, "रडू यायची वाट बघतेय मी, छकुली. येत नाही."

छकुलीने डोळे पुसले. "गिऱ्हाइकाला मी म्हणते, होईल सगळं नीट. तुला काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. ते पान धर घट्ट, मी सोडवते."

संध्याकाळपर्यंत दोघींनी गठ्ठा सोडवला. जिथे रंग उडाला होता तिथे वहिनीने पुन्हा लावला. राजासाठी या वेळी फोटो घेतला नाही. छकुलीला खिडकीशी बसवलं. भावाबहिणीचं नाक एकच होतं.

"हुंदके देऊ नकोस. नाक हलतंय."

"मला मिशा काढशील ना?"

"काढते."

मग पानं सुटी सुटी सुकायला हवी होती. टेबल भरलं, खुर्च्या भरल्या, फ्रिजचं डोकं भरलं. छकुली ओलं पान हातात घेऊन पलंगापाशी उभी राहिली. "इथे ठेवू? दादाच्या बाजूला?"

"ठेव. रिकामीच आहे."

बोलली आणि वहिनीने हातातला ब्रश न धुताच खाली ठेवला. पलंगाला टेकून ती जमिनीवरच बसली.

"काय झालं?"

"काही नाही. बसले जराशी."

छकुलीही तिला लागून खाली बसली. रंग लागू नये म्हणून हातातलं पान तिने डोक्यापेक्षा उंच धरलं होतं.